धुण्याचं पाणी

शेवटच्या आजारात मॅडमनं माझ्या कानाखाली मारली. दवाखान्यातल्या खाटेवरून, सलाईनची सुई टोचलेल्या हातानं. सुई निघाली, रक्ताची चिळकांडी माझ्या पातळावर उडाली, शेजारच्या खाटेवरची बाई "अगं माय!" करत उठून बसली आणि सिस्टर धावत आली. मी सिस्टरला म्हटलं, "राहू द्या, माझंच होतं ते, उशिरा मिळालं." ती माझ्याकडं वेड्यासारखी बघत राहिली. त्यानंतर दोन दिवसांनी मॅडम गेल्या. सव्वा महिना झाला. पातळ दोनदा धुतलं, डाग काही निघाला नाही… आणि डाग धुण्यात तर माझं आयुष्य गेलेलं.

त्या गेल्यावर दोन-तीन ठिकाणी त्यांच्यावर लिहून आलं. शांत, संयमी, ऋषितुल्य वगैरे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, म्हटलं दुसऱ्याच कुणाचं असेल. आमच्या इंदुमती मॅडम आणि संयमी! पोरं मागं त्यांना 'तोफ' म्हणायची. काचेची किती भांडी त्यांनी भिंतीवर फोडली ते मला माहीत, कारण काचा मीच वेचल्या. या शहरात डोंगराच्या पायथ्याला एक संस्था आहे, तिथल्या त्यांच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं भांडी धुतली, पाणी उकळलं, फरशी पुसली. मी कौसाबाई. खुलताबादच्या पलीकडं डोंगरात आमची वाडी, मेंढरांमागं फिरणारी माणसं आम्ही. शाळा मी बाहेरूनच बघितली. अक्षरं शिकले ती बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघून बघून, आधी इंग्रजी, मग मराठी, सगळं उलटंच. तेव्हा लिहिण्यात वाकडंतिकडं असलं तर सांभाळून घ्या. पण सांगायचं ते सरळ सांगणार आहे, कारण ते एका माणसाच्या नावाचं आहे. पाचोडच्या सोपानच्या. मॅडमनं त्याला खोटारडा ठरवून हाकललं, आणि तो खोटारडा नव्हता. खोटं मी बोलले होते.

मॅडमचा डावा हात कोपरात वाकडा होता, सरळ व्हायचाच नाही. फुलंब्रीच्या बागायतदार घरातल्या त्या. पुढं शिकायचं म्हणून ठरलेलं लग्न मोडलं, तर दोघा भावांनी गोठ्यात धरून कुऱ्हाडीच्या दांड्यानं हात मोडला. "उजवाच धरला होता त्यांनी. मी हिसका दिला म्हणून डावा सापडला," असं त्या चहा पिता पिता सांगायच्या, एखाद्यानं बस चुकल्याचं सांगावं तसं. त्यांचा संताप कुठून आला ते मला कधी विचारावं लागलं नाही. आणि त्या संतापानं एकदा माझा जीव वाचवलाय, तेही इथंच सांगून टाकते. माझा नवरा भर दुपारी प्रयोगशाळेच्या दारात आला होता. माझे केस हाताला गुंडाळून त्यानं मला पायऱ्यांवरून ओढायला सुरुवात केली. वॉचमन बघत उभा. डोकं तीन पायऱ्यांवर आपटलं, हे मी मोजलं… चौथी आलीच नाही. मॅडम बाहेर आल्या होत्या, हातात लोखंडी स्टँडची सळई. ती त्यांनी त्याच्या मनगटावर घातली. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो बोंबलत खाली बसला, तर त्याच्यावर वाकून म्हणाल्या, "अजून एक हात आहे तुला. ठेवायचाय का?" परत तो त्या फाटकाकडं फिरकला नाही. मला आत नेऊन त्यांनीच जखम धुतली, स्पिरिट ओतलं. मी कळवळले तर वरून ओरडल्या, "गप! मार खाताना गप बसतेस आणि औषध लावताना रडतेस?" त्या दिवसापासून मी त्यांची झाले. पण त्या दिवसापासून मला त्यांच्या उजव्या हाताची भीतीही बसली. ती सळई किती हलकेच उचलली होती त्यांनी!

काम काय चालायचं तेही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हरभऱ्याला मर लागते, उभं झाड वाळून जातं. ज्या झाडाला ती लागत नाही, त्याच्या अंगात एक प्रथिन असतं असं मॅडमचं म्हणणं. ते पकडायचं. पण पेशीत प्रथिनं हजारो, त्या गर्दीत आपलं कोणतं? म्हणून त्या एका प्रथिनाला बारीकशी शेपूट जोडायची, तिथल्या दुसऱ्या कुणालाच नसलेली. मी फरशी पुसता पुसता म्हटलं, "हे तर आमचंच काम झालं. दोन कळप मिसळले तर आपलं मेंढरू कसं वळखावं? कानाला खाच असती." मॅडमनं टेबलावर हात आपटला. "ऐका रे गाढवांनो! तुम्हाला दोन महिने लागले, हिला दोन मिनिटं." मग ती शेपूट ओळखणारी अँटिबॉडी असायची, सशाच्या रक्तातून काढलेली, थेंब मोजून वापरायची. ती शेपटीलाच धरते. पण धरलं हे आपल्याला दिसावं कसं? तर वरून दुसरी अँटिबॉडी सोडायची, ही शेळीच्या रक्तातली. ती सशाच्या अँटिबॉडीला जाऊन चिकटते, आणि तिच्या अंगावर एक एन्झाइम असतं, त्याला त्याचं खाद्य दिलं की ते उजेड पाडतं. अंधाऱ्या खोलीत त्यावर एक्स-रेसारखी फिल्म ठेवली की तेवढ्या जागी काळी पट्टी उमटते. "म्हंजे ससा चोर धरतो आन् शेळी बोंब मारती," मी म्हटलं. तेव्हा सोपान इतका हसला की त्याच्या हातातली नळी पडून फुटली. आणि मॅडमनं त्याच्या पाठीत दोन दणके घातले. एक हसण्याबद्दल, एक नळीबद्दल.

सोपान आमच्यातलाच, मेंढपाळाचा पोरगा. पाचोडजवळच्या वस्तीवरचा, घरात दहावीच्या पुढं गेलेला तो पहिला. बाकी सगळे मला मावशी म्हणायचे, तो आत्या म्हणायचा. बाटलीवरचं एखादं अक्षर मला अडलं की तोच सांगायचा, आणि चुकीचं लिहिलं तर माझ्याच हातून दुरुस्त करून घ्यायचा. "आत्या, खोडायचं नाय. मॅडम बघतील तर तुझी पण पाठ मऊ करतील." कारण मॅडमचा एक नियम होता. प्रयोगाच्या वहीत चूक झाली तर ती गिरवून काळी करायची नाही, पान फाडायचं नाही. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी सही करून तारीख घालायची. "चूक लपवणारा माणूस मला चोरापेक्षा घाण वाटतो," म्हणायच्या. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. ऐकताना दर वेळी फरशी पुसत असायचे.

माझ्याकडं होतं धुण्याचं पाणी. ज्या पांढऱ्या कागदावर प्रथिनं उतरवतात, त्याला आधी दूध पाजायचं, दुकानातल्या पावडरीचंच, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडं चिकटत नाही. मग सशाची अँटिबॉडी, मग तीन वेळा धुणं. मग शेळीची, पुन्हा तीन वेळा धुणं. धुण्याचं पाणी म्हणजे मीठ आणि साबणासारखं थोडंसं काही, मोजून केलेलं, पाच लिटरच्या कॅनमध्ये. वाकड्या हातामुळं मॅडमला भरलेला कॅन कलता करता यायचा नाही, म्हणून पाणी बनवायचं मी आणि ओतायचंही मी. कुणी नवीन पोरगं आपलं पाणी वेगळं करायला निघालं तर त्या म्हणायच्या, "कशाला? कौसाच्या हातचं पाणी चुकत नाही." मला त्याचा लई अभिमान. बाईला एवढं म्हणणारं कुणीतरी लागतं हो आयुष्यात… एवढंच.

त्या साली होळी झाली आणि लगेच सोपानची पट्टी आली. एकच, जाड, काळी, जिथं यायला हवी होती तिथंच. शेजारच्या बिनशेपटीच्या नमुन्यात काहीही नाही, स्वच्छ. मॅडम अंधाऱ्या खोलीतून ती ओली फिल्म घेऊन बाहेर आल्या आणि खिडकीशी धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग सोपानच्या मानेला धरून त्यांनी त्याला गदागदा हलवलं. कौतुक करायची त्यांची तीच तऱ्हा. "लेका, धनगरा, पकडलंस!" फिल्मच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या हातानं त्याचं नाव घातलं. "अजून दोनदा अशीच आण, मग जगाला दाखवू," म्हणाल्या.

आणि मग उन्हाळा तापला. आमच्या शहराचा उन्हाळा, वर विजेचे हाल. कॅनमध्ये ढगासारखी बुरशी तरंगायला लागली. मला दिसली नव्हती, मॅडमला दिसली. त्यांनी भरला कॅन टेबलावरून असा ढकलला की तो माझ्या नडगीवर आला. पाणी सगळीकडं, मी पाय धरून खाली. "पुन्हा हे दिसलं तर उद्यापासून येऊ नकोस!" खोटं कशाला सांगू, नोकरीच्या धास्तीपेक्षा मला त्यांच्या तोंडून पुन्हा 'कौसाच्या हातचं पाणी' ऐकायचं होतं. सोपान सशाची अँटिबॉडी पुन्हा वापरायला ठेवायचा तेव्हा त्यात एका छोट्या बाटलीतले दोन थेंब टाकायचा. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाला होता, "अझाइड हाय आत्या, विषारी, हात लावू नको. पन हे घातलं की काय सडत नाय." मला तेवढंच ऐकू आलं, काय सडत नाय. दुसऱ्या दिवशी कुणी नसताना मी हातमोजे घातले आणि त्या बाटलीतलं अर्धं माझ्या नव्या कॅनमध्ये ओतलं. पाणी आरशासारखं राहिलं. बाटली सरत आली की एक पोरगी ती पुन्हा भरून ठेवायची, कुणी विचारलं नाही. मी दर कॅनला तेच केलं.

त्यानंतर सोपानची फिल्म कोरी आली. त्या दिवसांत फिल्म काढणारा तो एकटाच होता. म्हटलं असेल. पुन्हा कोरी. मग कोरीच. त्यानं सशाची अँटिबॉडी बदलली, शेळीची बदलली, उजेडाचं खाद्य नवीन मागवलं, फिल्मचा डबा बदलला. प्रथिनं कागदावर उतरलेली असायची, लाल रंग टाकून तो दाखवायचा, हे बघा मॅडम, इथं हाय की सगळं. पण अंधाऱ्या खोलीतून बाहेर यायचा तो निळसर कोरा तुकडा. पहिल्या आठवड्यात मॅडम ओरडल्या. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या नमुन्यांची पेटी उचलून त्यांनी मोरीत आपटली, दोन महिन्यांचं काम नळाखाली वाहून गेलं. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांसमोर त्याला थोबाडीत बसली. तो जागचा हलला नाही. त्याचे वडीलही असेच मारायचे, त्याला सवय होती. मलाही होती. ज्यांना सवय असते ना, त्यांच्याच गालावर हे हात बरोबर येऊन पडतात, बघा कधी.

आणि मग तो दिवस. सोपान रात्रभर झोपला नसावा, डोळे तांबडे. म्हणाला, "मॅडम, एक ऐका. ज्या नमुन्यात शेपूट नक्की हाय, विकतचा, खात्रीचा, तो सुद्धा कोरा येतोय. म्हंजे चूक माझ्या प्रथिनात नाय. चूक दाखवण्यात कुठंतरी हाय. शेळीचं एन्झाइम कोन तरी मारतंय." मॅडम काचेच्या पाट्या पुसत होत्या, प्रथिनं वेगळी करायची जेली ज्यांत ओततात त्या जाड पाट्या. म्हणाल्या, "कोण मारतंय? भूत? तुझी पहिली फिल्म खरी असती तर दुसरी आली असती. कुणाचा नमुना भरला होतास रे त्या दिवशी? खात्रीचा नमुनाच आपला म्हणून भरलास ना?" तो पांढरा पडला. मग माझ्याकडं वळला. आवाज अगदी मऊ, अक्षर सांगायचा तसा. "आत्या, धुण्याच्या पाण्यात काय घातलं का गं? येगळं काय? आठव."

त्याच्या मागं मॅडम उभ्या होत्या. उजव्या हातात काचेची पाटी. मला ती सळई आठवली, नवऱ्याचं मनगट आठवलं, तीन पायऱ्या आठवल्या. हात वर उठलाय, तो आता कुणावर तरी पडणार हे मला कळत होतं. हां म्हटलं तर माझ्यावर. मी म्हटलं, "नाय."

"आता म्हातारीवर ढकलतोस?" मॅडम किंचाळल्या आणि पाटी फेकली. ती त्याच्या डोक्याला कानाच्या वर लागली, फुटली, आणि तुटलेल्या धारेनं कानाची वरची पाळी अशी कापली गेली की तुकडा लोंबत राहिला. रक्त मानेवरून सदऱ्यात, सदऱ्यातून फरशीवर. पोरी रडायला लागल्या. सोपान ओरडला नाही. त्यानं कान मुठीत धरला आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. मी खरंच सांगतेय का, एवढंच बघत होता तो. मी खाली बसले आणि काचा वेचायला लागले.

त्याला दवाखान्यात मीच नेलं, रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तरी माझ्या तोंडून निघालं नाही. मॅडमनं त्याच्या वहीत होळीनंतरच्या त्या पानावर लाल शाईनं आडवं लिहिलं, 'खोटी नोंद', आणि त्याला काढून टाकलं. कुणी तक्रार केली नाही, तोही नाही. पाचोडला गेला तर वडिलांनी काठीनं बदडला. "मास्तरीण उगं मारत नसती," म्हणाले. हे मला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी मी कॅन उलटा केला, गरम पाण्यानं घासला आणि साधं पाणी बनवलं. अझाइड नाही. तेव्हा मला नक्की कळत नव्हतं, नुसता संशय होता. आठ दिवसांनी दुसऱ्या पोरीनं सोपानचंच काम पुढं केलं आणि तिची पट्टी लख्ख आली. मॅडम माझ्या खांद्याला धरून म्हणाल्या, "बघितलंस कौसा? तो गेला आणि आली! तोच खोटा होता." मी मान हलवली. पुढं काही वर्षांनी नवीन अँटिबॉडीच्या डबीतला कागद एक पोरगी मोठ्यानं वाचत होती, की यात अझाइड घालू नये, एन्झाइम मरतं. माझ्या हातातून बीकर सुटला. शेळीचं तोंड मीच बांधलं होतं… आणि तोंड माझंही बांधलेलंच होतं.

त्यानंतरही मी बोलले नाही. मॅडम निवृत्त झाल्या, मग मी झाले. त्या गारखेड्यात एकट्या राहायच्या. दर गुरुवारी मी जायचे, भाकरी टाकायचे, दोघी जेवायचो. वय झालं तरी तोफ ती तोफच. पिठलं खारट झालं म्हणून वाटी माझ्या डोक्यावरून भिंतीला गेलेली आहे. मी म्हणायचे, "मॅडम, आता वेचायला वाकता येत नाय मला." तर म्हणायच्या, "मग चुकायचं बंद कर." आणि हसायच्या. मीही हसायचे. आणि घरी जाताना बसमध्ये सोपानचा कान आठवायचा.

दवाखान्यात त्यांना नेलं तेव्हाच त्यांना कळलं होतं, आता आपण घरी परत जात नाही. नळ्या उपटायच्या, डॉक्टरच्या अंगावर पाण्याचा ग्लास फेकला. पण त्या दिवशी दुपारी शांत होत्या. छताकडं बघत म्हणाल्या, "कौसा, तो पाचोडचा पोरगा. मी त्याला मारलं ते बरोबर होतं ना गं?" मी म्हटलं, "आराम करा." तर वळल्या. "आराम मी लवकरच करणार आहे. खरं सांग. तू रोज तिथं होतीस."

मी सांगितलं. बुरशी, छोटी बाटली, अर्धी अर्धी, सगळं. 'नाय' म्हटलं तेही. त्या ऐकत होत्या, डोळे न मिटता. मग तो हात आला. आवाजसुद्धा झाला नाही नीट, इतका अशक्त हात. सुई निघाली त्याचाच गोंधळ जास्त. सिस्टर पट्टी बांधून गेल्यावर त्या म्हणाल्या, "तू तेव्हा बोलली असतीस तर हा तुला तेव्हाच बसला असता." मी म्हटलं, "व्हय. म्हनूनच नाय बोलले." त्यावर त्यांनी डोळे मिटले. डोळे मिटूनच म्हणाल्या, "म्हणजे तो माझाच हात होता. तुझ्या तोंडावर ठेवलेला." मी त्यांची चादर सारखी केली.

मग म्हणाल्या, "घरी पत्र्याच्या पेटीत त्याची वही आहे. आण." दुसऱ्या दिवशी नेली. पान उघडलं तर आत ती पहिली फिल्म होती, कोपऱ्यात मॅडमच्या अक्षरात सोपानचं नाव. खोटी म्हणायची आणि इतकी वर्षं पेटीत जपून ठेवायची, का ते विचारायचं राहून गेलं. उशीला टेकून त्यांनी स्वतःच्या लाल अक्षरांवर रेघ मारली. एकच. सही केली, तारीख घातली. मग पेन माझ्याकडं दिलं. "चुकीत तूही आहेस. कर सही." मी केली. सोपाननं शिकवलेल्या अक्षरात. "मी गेल्यावर इथं रडत बसू नकोस," त्या म्हणाल्या, "सरळ पाचोडला जा. आणि लिहून काढ. तुझं नाव घालून, माझं नाव घालून." पहाटे त्या गेल्या.

मी गेले. आठवडी बाजाराचा दिवस होता, मुद्दाम नव्हे, तसाच आला. सोपानचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे, गिऱ्हाइकाची दाटी. केस पिकलेत. आणि उजव्या कानाला वर खाच. आमच्यात ती मालकाची खूण असते, हे मेंढरू कुणाचं ते सांगणारी. ही माझी होती. त्यानं ओळखलं, "आत्या?" म्हणत बाहेर आला, खुर्ची पुसली. मी बसले नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं आणि वही त्याच्या हातात दिली.

त्यानं आधी रेघ बघितली, मग दोन सह्या. मग फिल्म काढली आणि बाहेर उन्हात येऊन डोळ्यांसमोर धरली. कितीतरी वेळ. मागं गिऱ्हाईक हाका मारत होतं. मग मला विचारलं, "किती घातलं होतं?"

"काय?"

"अझाइड. किती?"

"त्या छोट्या बाटलीतलं अर्धं. दर कॅनला."

"पाच लिटरला." त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलत होते. "मेलंच असणार एन्झाइम मग. पार मेलं असणार." आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्हंजे पट्टी खरी होती."

"खरी होती, लेकरा."

तो आत गेला, फिल्म गल्ल्यामागं नीट ठेवली, वही ठेवली. आणि मग मूठ वळून त्यानं समोरच्या काचेच्या कपाटावर अशी घातली की काच खाली आली, बाटल्या गडगडल्या, माणसं मागं सरली. पुन्हा घातली. "बाप मेला माझा!" तो ओरडला. "बाप मेला मला खोटारडा समजून! बोलला नाय मरेस्तोवर! आन् तू आता येतीस?" मनगटापर्यंत रक्त. दाराशी पाण्याचा माठ होता, मी गडवा भरून त्याचा हात धरायला गेले. त्यानं हिसडा दिला.

"तुझ्या हातचं पानी नको मला."

मी गडवा खाली ठेवला. बाजारातून चालत स्टँडवर आले. मार मी लई खाल्लाय आयुष्यात, पण त्या एका वाक्यासारखा कुठलाच नव्हता. आणि तेही माझंच होतं, उशिरा मिळालं.

मॅडमनं सांगितलं म्हणून मग मी हे लिहायला बसले. पूर्ण झाल्यावर छापायला देण्याआधी सोपानला पाठवलं, त्याच्या नावाचं आहे, त्याला विचारल्याशिवाय कसं द्यायचं? पंधरा दिवस काही नाही. मग परवा पाकीट आलं. चिठ्ठी नव्हती. माझेच कागद. शुद्धलेखनाच्या चुका त्यानं तशाच राहू दिल्या होत्या. फक्त एके ठिकाणी पेन लावलेलं. मी लिहिलं होतं, 'पाटी त्याच्या कानाला थोडीशी लागली.' त्यातल्या 'थोडीशी'वर एक सरळ रेघ होती, खालचं वाचता येईल अशी. शेजारी त्याची सही आणि तारीख.

ते वाक्य मी नीट लिहिलं. वर तुम्ही वाचलंत ते तेच.